घोट्याचं हाड

माझ्या चुलतसासऱ्यांइतकं मेलेल्या जनावरांवर प्रेम करणारा माणूस पुण्यात दुसरा झाला नसेल. आणि पुण्यात झाला नसेल म्हणजे जगात कुठेच झाला नसेल, असं पुण्याचे लोक स्वतःच सांगतील. चुलतसासरे हे तसं बिनकामाचं नातं. लग्नात त्यांना वाकून नमस्कार करायचा, दिवाळीला फराळाला जायचं, तब्येत विचारायची आणि काकूंचा चहा घेऊन परत यायचं, एवढ्यावर जावयाचं भागतं. माझं भागलं नाही. लग्नानंतरच्या दोनचार वर्षांत मी या गृहस्थांच्या इतका नादी लागलो की ही म्हणायची, "तुमचं लग्न माझ्याशी झालंय की काकांशी?" मी म्हणायचो, काकांशी झालं असतं तर निदान लग्नाला ते वेळेवर आले असते. पण ती गोष्ट पुढे.

मी मूळचा वर्ध्याकडचा. इंजिनियर झालो, आणि नव्वदीच्या दशकात आमच्याकडची मुलं जशी संगणकाच्या नोकरीसाठी पुण्यात येऊन थडकली, तसा मीही थडकलो. मुलगी पाहायला गेलो तेव्हा हिच्या घरची मंडळी रीतसर सगळं विचारत होती. पगार किती, कंपनी परदेशी पाठवणार का, घरात धाकटं कोण. कोपऱ्यात एक उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस बशीतले पोहे संपवून माझ्या मनगटाकडे टक लावून बघत होता. सगळ्यांचे प्रश्न संपल्यावर त्यांनी घसा साफ केला. "तुमच्या बाजूला रानगवा मिळतो का हो?" मी म्हटलं, चंद्रपूरच्या जंगलात आहेत असं ऐकलंय. त्यावर ते म्हणाले, "आहेत ते मला माहीत आहे. मेलेला मिळतो का?" मग आतून काकूंचा आवाज आला, "अहो, त्यांना निदान पसंत तरी करू द्या आधी." मी त्याच क्षणी पसंत केलं. मुलीला की काकांना, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

काका एका जुन्या संशोधनसंस्थेत होते. उत्खननात मडकी निघाली, मणी निघाले की लोक गोळा होतात. त्यांच्याबरोबर घमेलीभर हाडंही निघतात, ती बघायला कुणी येत नाही. ती काकांकडे यायची. हे हाड कुठल्या जनावराचं, ते पाळलेलं की रानातलं, त्यावर सुरी चालली की कोल्ह्याचे दात, एवढं सांगणं हे त्यांचं काम. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी काय खाल्लं हे सांगणारा हा माणूस स्वतः काय खाल्लं ते हात धुताधुता विसरत असे. आता जुनं हाड ओळखायचं तर शेजारी ठेवायला त्याच जनावराचं नवं हाड लागतं, आणि ते दुकानात मिळत नाही. म्हणून काका मेलेल्या जनावरांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले असत. साळिंदर, उदमांजर, भेकर, मुंगूस, जे मिळेल ते वनखात्याच्या परवानगीने घरी आणायचं, विश्रांतवाडीच्या त्यांच्या छोट्या बंगल्यामागच्या अंगणात पुरायचं, वर पत्र्याची पट्टी खोचायची, आणि मातीने आपलं काम संपवलं की सांगाडा वर काढून धुऊन खोक्यात भरायचा. एकेक जनावर दोनदोन पावसाळे मातीत असे. त्या अंगणात पेरूखाली कोल्हा होता, कढीपत्त्याखाली रानमांजर आणि तुळशीपासून, काकूंच्या सक्त ताकिदीनुसार, बरंच लांब एक रानडुक्कर. नवी शेजारीण कढीपत्ता मागायला आली की काकू शांतपणे म्हणायच्या, "न्या की. पण फार खोल ओढू नका."

काकांनी जन्मात मटण चाखलेलं नव्हतं. पण घाईच्या कामात मातीची वाट बघायला वेळ नसला की हाडं उकळून स्वच्छ करावी लागतात, आणि त्यासाठी मागच्या अंगणात एक वेगळा रॉकेलचा स्टो आणि एक काळंकुट्ट पातेलं ठेवलेलं होतं. एकदा ऐन संकष्टीला त्या पातेल्याला उकळी फुटली, वारा नेमका शेजारच्या खिडकीकडे वाहत होता. शेजारचे निवृत्त हेडमास्तर कुंपणाशी येऊन म्हणाले, "वहिनी, आज चतुर्थी आहे, म्हटलं आठवण करावी." काकू म्हणाल्या, "आमच्याकडे फक्त शिजतं. खात कुणी नाही. तुम्हाला हवं असेल तर यांना विचारते." हेडमास्तर पुढे वर्षभर त्या बाजूची खिडकी उघडत नव्हते. ही हाडं यायची खडकीच्या करीमभाईंच्या मटणाच्या दुकानातून. रविवारी सकाळी, दुकानात सगळ्यात जास्त गर्दी असताना, काका कापडी पिशवी घेऊन रांगेत उभे राहत आणि नंबर आला की म्हणत, "मांस नको." करीमभाईंचं कुटुंब कितीतरी पिढ्या खडकीत होतं आणि असलं गिऱ्हाईक त्यांच्या बापजाद्यांनीही पाहिलं नव्हतं. पण ते काकांना स्टूल देत, चहा मागवत आणि दुसऱ्या गिऱ्हाइकांना सांगत, "सर आहेत. कॉलेजात हाडं शिकवतात." काका कॉलेजात नव्हते आणि शिकवतही नव्हते, पण त्यांनी ही चूक कधी दुरुस्त केली नाही. मला वाटतं, आयुष्यात दुरुस्त न केलेली ती त्यांची एकच चूक असावी.

आता लग्नाची गोष्ट. आमच्या लग्नाच्या दिवशी सकाळीच त्यांना कुणीतरी फोन केला की नगर रस्त्यावर ट्रकखाली तरस आलंय. वनखात्याचा माणूस ओळखीचा होता, तो म्हणाला, दुपारपर्यंत थांबतो. झालं. मुहूर्ताला अंतरपाट धरायला काका हवे होते, ते कुठेच दिसेनात. अंतरपाट दुसऱ्या कुणीतरी धरला, अक्षता पडल्या, आणि पंगत निम्मी उठल्यावर कार्यालयाच्या फाटकातून एक स्कूटर आत आली. मागच्या सीटला दोरीने करकचून बांधलेलं पोतं होतं. कार्यालयाच्या मॅनेजरने विचारलं, "यात काय आहे?" काका म्हणाले, "आहेर." त्यांनी तिथेच मागच्या नळावर अंघोळ केली, कोरडं धोतर मागून घेतलं आणि आम्हाला आशीर्वाद द्यायला आले. हिचे डोळे भरून आले होते. काका खाली मान घालून म्हणाले, "बाळ, तुझं लग्न माझ्याशिवाय लागणारच होतं. ते बिचारं मात्र तिथेच सडलं असतं." ही रडतारडता हसायला लागली. माझ्या आईला मात्र हा सगळा प्रकार समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले.

काकांच्या बोलण्यात एक शब्द कायम असे, 'असावं'. पाऊस पडत असताना छत्री उघडून ते म्हणत, पाऊस असावा. काकूंनी भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं तर म्हणत, बरोबर असावं. मंडईत त्यांच्याकडून एक निश्चित उत्तर मिळवायला भाजीवाल्या बायका पैजा लावत. एकदा मीच वैतागून विचारलं, काका, तुम्हाला कशाचीच खात्री नसते का? ते म्हणाले, "मातीतून आलेल्या तुकड्यावरून आख्खं जनावर उभं करायचं, जावईबापू. तिथे फार खात्री बाळगणाऱ्याची फजिती होते." हे ते अगदी गंभीरपणे म्हणाले होते. पण या माणसाने तरुणपणी एकदा, एकदाच, 'नक्की' हा शब्द वापरला होता, आणि त्यावरच त्यांचं आणि आणखी एका माणसाचं नाव उभं होतं.

तो दुसरा माणूस म्हणजे त्यांचे सर. मी पाहिलं तेव्हा सर नव्वदीच्या घरात होते, कर्वेनगरला मुलीकडे राहत होते, आणि दृष्टी जवळजवळ गेलेली होती. एके काळी त्यांनी एका नदीकाठची जुनी वस्ती खणून काढली होती. तिच्या अगदी खालच्या थरात हाडांचा चुराच फार होता, ओळखता येईल असं धड हाड एकच निघालं, घोट्याचं. कुणीतरी त्याच्या दोन बाजू घासून गुळगुळीत केल्या होत्या. फासे खेळायला केलं असावं. ते हाड मेंढीचं निघालं तर ती माणसं मेंढपाळ होती, आणि त्या भागात इतक्या आधी मेंढ्या पाळल्या जात होत्या असं सिद्ध होत होतं. रानातल्या जनावराचं निघालं तर ती नुसती शिकारी माणसं, आणि अशा वस्त्या पुष्कळ. काका तेव्हा नवशिके होते. त्यांनी ते हाड संस्थेतल्या खोक्यांमधल्या हाडांशी ताडून पाहिलं. काळविटाच्या खोक्यातल्या घोट्याशी जुळेना, मेंढीच्या खोक्यातल्या घोट्याशी तंतोतंत जुळलं. सरांनी विचारलं, "नक्की?" काका म्हणाले, "नक्की." त्या निबंधावर सरांचं नाव पहिलं आणि काकांचं दुसरं होतं. सरांची कीर्ती त्यावर झाली. शाळेच्या पुस्तकात त्या वस्तीचा परिच्छेद आला. पुढे संस्थेतून दोघंही निवृत्त झाले, पण काकांचा गुरुवार कधी चुकला नाही. दर गुरुवारी विश्रांतवाडीहून स्कूटर हाकत ते कर्वेनगरला जायचे, सरांच्या पायाला हात लावायचे आणि त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. सरांचं बोलणं एकदम तुटक. काका एखाद्या शब्दावर अडखळले की सर म्हणत, "घाई नाही. मला कुठे जायचं नाहीये." काका स्वतः तेव्हा साठी ओलांडलेले होते, पण सरांसमोर खुर्चीच्या कडेवरच बसायचे.

आमच्या कंपनीत त्या काळी दोन हजार सालाचं काम जोरात चालू होतं. जुन्या लोकांनी संगणकात साल लिहिताना जागा वाचवायला शेवटचे दोनच आकडे लिहून ठेवले होते, आणि शतक उलटलं की सगळे हिशेब कोसळतील या भीतीने साहेब लोकांनी ते दुरुस्त करायला आम्हा पोरांना बसवलं होतं. काकांना आमच्या धंद्यातलं काही कळत नसे, पण हे त्यांना फार आवडलं. "म्हणजे चूक करणारा माणूस कधीचाच निघून गेला, आणि तुम्ही बसून ती शोधताय?" मी म्हटलं, हो. "आणि सापडली की त्याचं नाव लिहिता?" मी म्हटलं, छे, नाव कोण लिहितो, गुपचूप दुरुस्त करायचं. ते म्हणाले, "सोय चांगली आहे."

त्याच सुमारास एका प्राणिसंग्रहालयातलं म्हातारं काळवीट मेलं आणि रीतसर कागदपत्रं होऊन काकांच्या अंगणात आलं. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी ते मातीत घातलंच नाही, सरळ पातेलं चढवलं. दोनतीन रविवारांनी मी सहज गेलो तर ते व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून बसले होते. पुढ्यात घोट्याची दोन हाडं. एक या नव्या काळविटाचं, दुसरं संस्थेतल्या जुन्या मेंढीच्या खोक्यातलं. निवृत्तीनंतरही काका तिथे जाऊन खोकी नीट लावायचे, त्यातलं ते सही करून आणलेलं होतं. मला म्हणाले, "यातलं मेंढीचं कुठलं?" मी दोन्ही उलटसुलट करून पाहिली. म्हटलं, मला तर सारखीच दिसतायत. ते म्हणाले, "मलाही." मी हसलो. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं.

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. पार सुरुवातीला, संस्थेत लागल्या लागल्या, त्यांनी स्वतःच संस्थेच्या आवारात एक काळवीट आणि एक मेंढी शेजारी शेजारी पुरली होती. पावसाळ्यात गावठी कुत्र्यांनी दोन्ही खड्डे उकरले. मोठी हाडं जागेवर होती, बारकी सगळीकडे विखुरलेली. नव्या नोकरीतला पोरगा घाबरला. कुणाला न सांगता त्याने ती अंधूक अंदाजाने गोळा करून दोन खोक्यांत वाटली. घोट्यांची अदलाबदल झाली. काळविटाचा घोटा मेंढीच्या खोक्यात गेला आणि मेंढीचा काळविटाच्या. नंतर ते जुनं हाड आलं, ते होतं काळविटाचं, आणि 'मेंढी' लिहिलेल्या खोक्याशी तंतोतंत जुळलं. जुळणारच. "कुत्र्यांचं काही चुकलं नाही," काका म्हणाले. "त्यांनी नुसतं उकरलं. वाटण्या मी केल्या."

तरी त्यांनी लगेच मान्य केलं नाही, कारण दोन हाडांवरून खात्री धरणं त्यांना पटणारं नव्हतं. आम्ही खडकीला गेलो. करीमभाईंकडे मेंढी मिळत नसे, पुण्याचं गिऱ्हाईक बोकडच मागतं. म्हणून तर इतकी वर्षं खडकीच्या हाडांवरूनही काकांना हा घोटाळा कळला नव्हता. काकांनी मेंढीचे घोटे हवेत म्हटल्यावर करीमभाईंनी आधी इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, आपल्या दुकानात मेंढी? कुणी ऐकलं तर काय बोलेल? वडलांच्या वेळची इज्जत आहे." पण काकांचा चेहरा पाहून त्यांनी पुढच्या आठवड्यात बाजारातून ओळखीच्या माणसाकडून पिशवीभर मागवून दिले, वर्तमानपत्रात गुंडाळून, कुणाला दिसणार नाहीत असे. काकांनी ते उकळले, वाळवले, रांगेत मांडले. खोक्यातल्या 'मेंढी'शी त्यातला एकही जुळला नाही. त्या दिवशी काका जेवले नाहीत. काकूंनीही आग्रह केला नाही, ताट झाकून ठेवलं. नंतरच्या कामांत नशिबाने शिंगं आणि जबडे मिळाले होते, त्यामुळे ती बचावली. बुडाला होता तो एकच निबंध, आणि तोच सरांचा होता.

संस्थेतल्या आताच्या मुख्यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस चांगला होता. म्हणाला, "आपण लिहा, छापू. पण सर आहेत तोवर थांबलं तर? त्यांना या वयात हे कशाला?" काकूंचंही तेच मत पडलं. मीही तेच म्हटलं. आमच्या धंद्यात तर ही रीतच होती. काका व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. थांबून म्हणाले, "ते गेल्यावर सांगितलं तर ती चहाडी होईल. आत्ता सांगितलं तर नुसती चूक आहे." काकू म्हणाल्या, "आणि त्यांनी दार बंद केलं तर?" मूलबाळ नसलेल्या काकांना आठवड्यातून एकदा जाण्याची जागा तेवढी एक होती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. शेवटी ते म्हणाले, "तर बंद असेल."

त्या गुरुवारी ते स्कूटर नको म्हणाले, म्हणून मी सुट्टी काढून त्यांना माझ्या नव्या मारुतीतून नेलं. चष्म्याच्या घरात कापसात ठेवलेली तीन हाडं होती. उत्खननातलं जुनं, नव्या काळविटाचं आणि करीमभाईंच्या मेंढीचं. येरवड्याच्या पुलावर ते म्हणाले, "जरा हळू घ्या." संचेतीच्या चौकात पुन्हा म्हणाले. कर्वेनगरला पोचेपर्यंत आम्हाला सायकलवाले मागे टाकत होते. सरांच्या मुलीने दार उघडलं. काकांनी पायाला हात लावला, खुर्चीच्या कडेवर बसले आणि नेहमीसारखं वर्तमानपत्र उघडून वाचू लागले. महापालिकेची एक बातमी वाचली, दुसरी वाचता वाचता थांबले. सर म्हणाले, "पुढे?" काकांनी कागद खाली ठेवला आणि तिन्ही हाडं एकेक करून सरांच्या हातात दिली.

सरांनी पहिल्याच हाडावर अंगठा फिरवला, घासलेल्या बाजूवर, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "हे आपलं." मग दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. पुन्हा पहिलं. डोळे नव्हते, पण बोटं शाबूत होती. बऱ्याच वेळाने त्यांनी दोन हाडं एका तळहातावर घेतली आणि एक वेगळं काढून आमच्या दिशेने धरलं. "हे निराळं. कशाचं?"

"मेंढीचं, सर," काका म्हणाले.

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. सरांनी हातातली ती दोन हाडं मिटून धरली. काकांनी मग सगळं सांगितलं. खड्डे, कुत्री, खोकी. एकदाही 'असावं' म्हटलं नाही. सर ऐकत होते की नव्हते कळत नव्हतं. सांगून संपलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आज पुरे." आणि मान भिंतीकडे वळवली. काकांनी वाकून पायाला हात लावला. सरांनी पाय हलवला नाही, हातही उचलला नाही.

तो आठवडा फार वाईट गेला. काका सकाळी अंगणात जायचे, एखाद्या पट्टीपाशी उभे राहायचे, पट्टी सरळ करून परत यायचे. फोन वाजला की काकूंकडे बघायचे. पुढच्या गुरुवारी म्हणाले, आज जात नाही, त्यांना त्रास होईल. काकू म्हणाल्या, "त्रास व्हायचा तो झालाय. आता न जाऊन अपमान कशाला करताय?" मी पुन्हा सुट्टी काढली. आमच्या साहेबाने विचारलं, घरी कुणी आजारी आहे का? मी म्हटलं, तसंच काहीसं.

सर खुर्चीत ताठ बसले होते. पायाला हात लावू दिला. मग मुलीला हाक मारली. ती आतून दोन फुलस्केप कागद घेऊन आली. आठवडाभर रोज थोडं थोडं सांगून त्यांनी तिच्याकडून लिहून घेतलं होतं. आधीच्या निबंधातला निष्कर्ष चुकीचा आहे, ते हाड काळविटाचं आहे, सबब त्या थरातल्या लोकांना मेंढपाळ म्हणायला आता आधार नाही. भाषा अशी कोरडी की सरकारी नोटीस वाटावी. काकांनी दोन्ही कागद वाचून काढले. म्हणाले, "सर, यावर आपलं नाव आहे. चूक माझी होती. मी एकट्याच्या नावाने देणार होतो."

"मूळ निबंधावर पहिलं नाव कुणाचं होतं?" सरांनी विचारलं.

"आपलं."

"मग यावरही पहिलं माझंच राहील." सर पुढे म्हणाले, "हाडं तुझी होती. घाई माझी होती. मला मेंढीच हवी होती, आणि तुला ते माहीत होतं." मग त्यांनी हात पुढे केला, चाचपडत काकांचा खांदा शोधला आणि तिथेच ठेवला. माझा चुलतसासरा, पांढऱ्या मिशांचा, तरस स्कूटरवर बांधून लग्नाला आलेला माणूस, लहान मुलासारखा रडला. मी खिडकीतून खालच्या सोसायटीचं पार्किंग बघत उभा राहिलो, कारण दुसरं कुठे बघावं ते सुचत नव्हतं.

तो लेख एका लहानशा अंकात छापून आला. सरांनी तो काकांकडून दोनदा वाचून घेतला, एक स्वल्पविराम चुकलाय म्हणाले, आणि पुढचा हिवाळा संपता संपता ते गेले. संस्थेत शोकसभा झाली. मोठमोठी माणसं आली होती आणि एकामागून एक उठून सांगत होती की सरांनी या भूमीतला पहिला मेंढपाळ शोधला. तो लहानसा अंक त्यांच्यापैकी कुणी पाहिला नसावा, किंवा पाहून अशा दिवशी गप्प बसणं बरं असं वाटलं असावं. शेवटी कुणीतरी काकांना दोन शब्द बोलायला सांगितलं. काका सभेत कधी बोलत नसत. ते उठले, खुर्चीची पाठ धरली आणि म्हणाले, "सरांनी मेंढी शोधली नाही. ती चूक होती, माझी. मेंढी शोधणारे पुष्कळ भेटतात. सापडलेली मेंढी परत करणारा मी एकच पाहिला." आणि खाली बसले. माझ्या शेजारचे गृहस्थ कुजबुजले, "आजच्या दिवशी तरी नको होतं हे." मला त्या गृहस्थांचा राग आला नाही. त्यांनी तो खांद्यावरचा हात पाहिला नव्हता.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. विश्रांतवाडीच्या त्या गल्लीत इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि माझ्या कंपनीत आता मी ज्यांना साहेब म्हणायचो त्यांच्या जागी बसतो. मुलीच्या शाळेच्या पुस्तकात त्या नदीकाठच्या मेंढपाळांचा परिच्छेद अजून आहे. मी तिला खरं काय ते सांगितलं, ती म्हणाली, परीक्षेत काय लिहू? काका गेले तेव्हा संस्थेतली माणसं बदललेली होती. वैकुंठ स्मशानभूमीत आम्ही घरचेच होतो, आणि थोडे लांब, फाटकापाशी, करीमभाई आणि त्यांचा थोरला मुलगा उभे होते. काकांसाठी शोकसभा भरली नाही. भरली असती आणि मला बोलायला सांगितलं असतं, तर त्यांच्या विद्वत्तेबद्दल मला काही सांगता आलं नसतं, ती मला कळतच नव्हती. मी एवढंच म्हणालो असतो की त्या पहिल्या गुरुवारी कर्वेनगरला जाताना ते फार घाबरलेले होते, आणि तरी गेले.